पाठ केलेले भाषण आणि मोजलेला पाऊस

फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात आपल्या शाळांत दोन दिवस लागोपाठ साजरे होतात. २७ फेब्रुवारी हा कुसुमाग्रजांचा जन्मदिवस, म्हणून मराठी भाषा गौरव दिन. २८ फेब्रुवारी हा राष्ट्रीय विज्ञान दिन. १९२८ साली याच तारखेला सी. व्ही. रामन यांचा प्रकाशाच्या विकिरणाविषयीचा शोध लागला आणि १९८७ पासून हा दिवस देशभर पाळला जातो. पहिल्या दिवशी ग्रंथदिंडी, कविता आणि भाषणे. दुसऱ्या दिवशी रामन यांच्या तसबिरीला हार, थर्माकोलचा ज्वालामुखी आणि पुन्हा भाषणे. दोन्ही दिवसांच्या मधे फक्त एक रात्र असते, तरी भाषा आणि विज्ञान यांची गाठ काही पडत नाही.

ती भाषणे आपण सगळ्यांनी ऐकली आहेत, अनेकांनी केलीही आहेत. ‘आदरणीय व्यासपीठ, पूज्य गुरुजनवर्ग’ अशी सुरुवात. मजकूर सरांनी लिहून दिलेला किंवा मोबाइलवरून उतरवून घेतलेला. मधेच एखादा शब्द निसटला की मुलगी थांबते, छताकडे बघते आणि पुन्हा मागच्या वाक्यापासून धरते. शेवटी टाळ्या पडतात. खाली उतरल्यावर तिला विचारा, ‘विकिरण म्हणजे काय गं?’ ती ओशाळून हसते. यात तिचा दोष नाही. आपण तिला मोठ्याने बोलायला शिकवले. स्वतःचे काही सांगायला शिकवले नाही.

हा प्रश्न सगळ्या महाराष्ट्राचा आहे, पण जत तालुक्यात तो जास्त टोचतो. सांगली जिल्ह्याच्या पूर्वेचा हा विस्तीर्ण, अवर्षणग्रस्त तालुका. पश्चिमेला कृष्णाकाठ उसाने हिरवा असतो, तेव्हा इथली नजर परतीच्या पावसाकडे लागलेली असते. म्हैसाळ योजनेचे पाणी कुठे पोचले, कुठे नाही, यावर इथल्या निवडणुका फिरतात. नोव्हेंबर २०२२ मध्ये सीमेवरची गावे पाण्याच्या प्रश्नावरून एकाएकी राज्यभर बातम्यांत आली. कर्नाटकातून त्यांच्यावर दावा सांगितला गेला, मुंबईतून त्याला उत्तर दिले गेले. सगळे जण जतबद्दल बोलत होते. पण जतच्या पोरांनी पाण्याबद्दल स्वतः काय पाहिले आहे, हे कुणी विचारले नाही. विचारले असते, तरी ते सांगायची सवय त्यांना कुठे लावली आहे?

त्यात इथे भाषेचा पेच आहे. तालुक्यात मराठी आणि कन्नड दोन्ही नांदतात. जिल्हा परिषदेच्या शाळाही दोन्ही माध्यमांच्या आहेत. कन्नडमध्ये पावसाला ‘मळे’ म्हणतात आणि मराठीत मळे म्हणजे विहिरीवरची बागायत. घरात ज्या शब्दाने आभाळातून पाणी पडते, त्याच शब्दाने शाळेत भाजीपाला पिकतो. अशा मुलाच्या हातात आपण ‘पर्जन्यमान’, ‘आर्द्रता’, ‘बाष्पीभवन’ हे शब्द ठेवतो आणि पुढे इंग्रजीतून तेच पुन्हा शिकायला सांगतो. शब्दांचे तीन थर चढवताना पाऊस मात्र बाहेरच राहतो.

मग आवाज सापडतो कसा? तीन उदाहरणे पाहू. तिन्ही थोरामोठ्यांची आहेत, पण ती थोर होण्याआधीची.

पहिले आनंदीबाई जोशी यांचे. चौदाव्या वर्षी त्यांचे पहिले मूल जन्मल्यावर दहा दिवसांत गेले. वैद्यक शिकायचा निर्धार त्या दुःखातून आला. फेब्रुवारी १८८३ मध्ये, वयाच्या सतराव्या वर्षी, बंगालमधल्या श्रीरामपूरच्या कॉलेजच्या सभागृहात त्या बोलायला उभ्या राहिल्या. मी अमेरिकेला का जाते? इथे शिकायची सोय नाही का? एकटीच का जाते? परत आल्यावर जातीबाहेर टाकतील त्याचे काय? लोक येता-जाता जे विचारत, तेच प्रश्न त्यांनी एकेक करून घेतले आणि प्रत्येकाला उत्तर दिले. १८८६ साली त्या फिलाडेल्फियाहून डॉक्टर होऊन बाहेर पडल्या. वर्षभरात क्षयाने त्यांचा अंत झाला. पण त्या भाषणाची घडण आजही शिकण्यासारखी आहे: लोकांचा खरा प्रश्न घ्यायचा आणि त्याला टाळाटाळ न करता सामोरे जायचे.

दुसरे स्वतः रामन यांचे. हार घालताना आपण नोबेल पारितोषिकाचे रामन आठवतो. १९०६ साली ते मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात शिकणारे अठरा वर्षांचे विद्यार्थी होते. आयताकृती फटीतून जाणाऱ्या प्रकाशाचे पट्टे दोन्ही बाजूंना सारखे दिसत नाहीत, हे त्यांच्या नजरेला पडले. ते त्यांनी तपासले, लिहून काढले आणि लंडनच्या ‘फिलॉसॉफिकल मॅगझिन’कडे पाठवले. ते छापून आले. जे दिसले त्याबद्दल लिहिण्याचा हक्क आपल्याला आहे, हे त्या वयात त्यांनी गृहीत धरले होते.

तिसरे आपल्या शेजारच्या कोल्हापुरात जन्मलेल्या जयंत नारळीकरांचे. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेने विज्ञानकथा स्पर्धा घेतली. नारळीकर तोवर जगभर नावाजलेले शास्त्रज्ञ होते, पण मराठी कथालेखक म्हणून नवखे. नावाचा दबाव परीक्षकांवर पडू नये म्हणून त्यांनी स्वतःची आद्याक्षरे उलटी करून ‘नारायण विनायक जगताप’ हे नाव घेतले, अक्षर ओळखू येऊ नये म्हणून पत्नी मंगला यांच्याकडून कथा लिहून घेतली आणि ‘कृष्णविवर’ पाठवली. पहिले बक्षीस मिळाले. पुढे विद्यार्थी सही मागायला येत, तेव्हा ते सांगत की पोस्टकार्डावर विज्ञानातला एक प्रश्न लिहून पाठवा, उत्तराबरोबर सही मिळेल. वहीत सही घेऊन पोर घरी गेले की संपले. प्रश्न लिहायचा तर आधी तो पडायला हवा, नीट मांडायला हवा आणि पलीकडे वाचणारे कुणी आहे याची खात्री हवी.

या तिघांत समान काय? सांगण्यासारखी गोष्ट स्वतःची होती आणि ती ऐकणारे, तपासणारे कुणीतरी समोर होते. मुलाला आवाज मिळायला याच दोन गोष्टी लागतात. वक्तृत्वाचे क्लास, माइक, फेटा हे सगळे नंतरचे.

जतच्या शाळेत हे कसे होईल? पाऊसच घेऊ. सरळ बाजूंचा, सपाट बुडाचा एक पत्र्याचा डबा, एक फूटपट्टी आणि एक वही, एवढ्यावर काम भागते. डबा झाडापासून, छतापासून दूर मोकळ्या जागी घट्ट बसवायचा. हवामान खाते सकाळी साडेआठला नोंद घेते, तीच वेळ धरायची. डब्यात जमलेल्या पाण्याची खोली जितके मिलिमीटर, तितका पाऊस. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक चौरस मीटर जागेवर एक लिटर पाणी. सातवीतल्या मुलीला हे एकदा उमगले की ती पुढे स्वतः हिशेब करते: आमचे पत्र्याचे छत पन्नास चौरस मीटर, काल वीस मिलिमीटर पाऊस झाला, म्हणजे छतावरून हजार लिटर, दोनशे लिटरची पाच बॅरल पाणी वाहून गेले. टँकरची वाट पाहणाऱ्या घरात हे वाक्य कुणी कंटाळून ऐकणार नाही.

याच नोंदी चार गावांच्या चार शाळांनी ठेवल्या तर आणखी एक गोष्ट दिसेल. एका शिवारात ओढा वाहतो आणि दोन कोसांवर धूळ उडते, हे जतमध्ये सगळ्यांना ठाऊक आहे. आकड्यांत ते कमी जणांकडे आहे. डाळिंब-द्राक्षाचा हवामानावर आधारित फळपीक विमा महसूल मंडळातल्या हवामान केंद्राच्या नोंदीवर ठरतो. शाळेच्या डब्याची नोंद तिथे ग्राह्य धरली जाणार नाही, हे मुलांना स्पष्ट सांगावे. पण ‘आमच्याकडे पाऊसच नव्हता’ असे नुसते म्हणणारे गाव आणि तारीखवार वही पुढे ठेवून प्रश्न विचारणारे गाव यांच्या बोलण्याला सारखे वजन नसते.

दुसरा विषय आरोग्याचा, आणि इथे जीव पणाला लागलेले असतात. २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसे दगावली, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारही सापांवर चालणारे प्रतिविष आपल्याकडे बनते. तरी रुग्ण उशिरा पोचतो, कारण मधे मांत्रिक असतो, ब्लेडने कापणे असते, दोरीने आवळणे असते. मण्यार रात्री जमिनीवर झोपलेल्याला चावते. तिच्या चाव्याची जागा फारशी सुजत नाही, दुखतही नाही. पहाटे पोटात दुखते, पापण्या जड होतात आणि घरच्यांना वाटते, काहीतरी बाधले. जखम कापू नका, चोखू नका, आवळू नका. अंगठी-कडे काढा, हात-पाय हलू देऊ नका, प्रतिविष असलेल्या दवाखान्यात लगेच न्या. एवढी पाच-सहा वाक्ये आजीला कळतील अशा घरच्या बोलीत, मराठीत किंवा कन्नडमध्ये, लिहिणे हा कोणत्याही निबंधापेक्षा अवघड आणि उपयोगाचा स्वाध्याय आहे. मुलाने लिहावे, प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांनी तपासावे, मग मुलाने ग्रामसभेत वाचावे. आजीने मधेच ‘पण आमच्या काळी मंत्राने उतरायचं’ म्हटले तर उत्तम. बिनविषारी साप चावलेला माणूस मंत्राविनाही वाचतो, हे तिला रागावता, चिडवता न समजावणे, ही त्या मुलाची खरी परीक्षा.

‘कशावरून?’ हा एक शब्द विचारायची सवय नसली की काय होते, हे या भागाने पाहिले आहे. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुले पळवणारी टोळी समजून जमावाने पाच भिक्षेकऱ्यांना ठार मारले. त्यातले बहुतेक जतला लागून असलेल्या मंगळवेढा तालुक्यातले होते. चारच वर्षांनी, सप्टेंबर २०२२ मध्ये, जत तालुक्यातल्याच लवंगा इथे पंढरपूरकडे निघालेल्या चार साधूंना त्याच संशयावरून मारहाण झाली. मोबाइलवर आलेला मजकूर पुढे ढकलण्याआधी ‘हे कुणी पाहिले, कधी, कुठे?’ असे विचारणे हे विज्ञानाच्या तासातच शिकायचे असते. ज्या मुलाने स्वतःच्या वहीत तारीख, वेळ आणि माप लिहिले आहे, त्याला तारीख-वेळ नसलेली बातमी खटकते.

मात्र गावची समजूत बदलण्याचे ओझे एकट्या पोराच्या खांद्यावर टाकून मोठ्यांनी मोकळे होऊ नये. साताऱ्याचे डॉ. नरेंद्र दाभोलकर आयुष्यभर कार्यकारणभाव समजावत राहिले. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात त्यांची हत्या झाली. प्रश्न विचारण्याची किंमत असते, हे आपल्याला माहीत आहे. म्हणून मुलगी बोलायला उभी राहिली की शिक्षक, सरपंच, डॉक्टर आणि आईबाप समोरच्या रांगेत बसलेले हवेत. ती चुकली तर तिथेच दुरुस्त करावे, हसू नये. विज्ञानात चूक कबूल करणे कमीपणाचे नसते, हेही ती त्याच दिवशी शिकेल.

यात नवी योजना, नवा निधी काही लागत नाही. आपल्या भागातला प्रश्न घ्या, स्वतः पाहणी करा, लिहा आणि लोकांपुढे मांडा, हीच कल्पना १९९३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल विज्ञान परिषदेच्या मुळाशी होती. ऊसतोडीला आईबापांबरोबर गेलेले पोर दिवाळीनंतर वर्गात नसते. त्याला वही बरोबर देता येते. फडावरचे पहाटेचे दव, कोप्यातला धूर आणि आईचा खोकला हेही निरीक्षणाचेच विषय आहेत. परत आल्यावर त्याने काय पाहिले, हे वर्गाने ऐकावे. मागे पडलेला विद्यार्थी म्हणून नाही, दुसरीकडची नोंद घेऊन आलेला म्हणून.

ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठीला अभिजात दर्जा मिळाला, त्याचा आनंद आहेच. पण भाषा आज जिवंत असते ती आजचा अनुभव तिच्यात सांगता येतो म्हणून. तेव्हा येत्या फेब्रुवारीसाठी शाळांना एक सुचवणे आहे. २७ तारखेला प्रत्येक मुलाने एक पान लिहावे, स्वतः मोजलेल्या किंवा पाहिलेल्या एका गोष्टीचे, घरच्या भाषेत. २८ तारखेला ते सगळ्यांसमोर वाचावे आणि ऐकणाऱ्यांनी एकच प्रश्न विचारावा, ‘कशावरून?’ पाठांतर केलेले मूल या प्रश्नाला अडखळेल. डबा मोजलेले मूल वही उघडून दाखवेल.