लकव्याचा पेशंट घरी आला, पण संडासापर्यंत जायचं कसं?

अंगावरून वारं गेलं की गावात धावपळ उडते. १०८ ला फोन जातो, नाहीतर कुणाची तरी जीप काढली जाते. मेंदूतली गुठळी विरघळवायचं इंजेक्शन पहिल्या साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, हे आता बऱ्याच जणांना माहीत झालंय. पेशंट वाचतो. आठ-दहा दिवसांनी सुट्टी होते. डिस्चार्ज कार्डवर गोळ्यांची नावं असतात आणि खाली एक ओळ असते, 'फिजिओथेरपी चालू ठेवा'. कुठं, कोणाकडून आणि कशाच्या पैशानं, हे मात्र त्यावर नसतं.

उपचाराच्या खर्चाचा प्रश्न पूर्वीइतका बिकट राहिलेला नाही. महात्मा फुले जनआरोग्य योजना आता सगळ्या रेशनकार्डधारकांना लागू आहे आणि कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण मिळतं. शेत गहाण न टाकता माणूस बरा होऊन येतो, ही साधी गोष्ट नाही. पण या योजनेचा भर दवाखान्यात भरती असतानाच्या उपचारांवर आहे. पुढचे कित्येक महिने घरी जे करायचं, त्याचा भार घरच्यांच्या अंगावर पडतो.

लकव्यानंतर माणूस किती सावरला हे मोजायला डॉक्टर 'बार्थेल' नावाचं मोजमाप वापरतात. १९६५ पासूनचं आहे. त्यात दहा गोष्टी बघतात: स्वतःच्या हातानं जेवणं, आंघोळ, तोंड धुणं-दाढी, कपडे घालणं, शौचावर आणि लघवीवर ताबा, संडासला जाऊन येणं, खाटेवरून खुर्चीवर बसणं, चालणं आणि पायऱ्या चढणं. एकूण गुण १००. दवाखान्यात ६०-७० गुण मिळाले की घरच्यांना हायसं वाटतं. पण ते गुण मिळतात गुळगुळीत फरशीवर, उंच कॉटवर आणि कमोड असलेल्या संडासात. गावातल्या घराला उंबरा असतो, अंगण खडबडीत असतं, जेवण मांडी घालून आणि झोपणं खाली सतरंजीवर. तिथं तोच माणूस निम्म्या कामांना परावलंबी होतो.

सगळ्यात जास्त अडतं ते संडासाला. स्वच्छ भारत मिशनच्या १२ हजार रुपयांच्या अनुदानातून गावोगाव संडास झाले, पण बहुतेक उकिडवं बसायचे, अरुंद दाराचे आणि घरापासून थोडे लांब. ज्याचा एक गुडघा वाकत नाही आणि एका हातात जोर नाही, त्याला तिथं बसताही येत नाही आणि बसला तर उठता येत नाही. मग डायपर, किंवा खाटेखाली भांडं. चारचौघांत वावरलेल्या माणसाला सुनेसमोर हे करावं लागतं तेव्हा तो जेवणच कमी करतो, पाणी पीत नाही. लकव्यानंतर अनेकांना येणारं नैराश्य घरचे 'हट्टीपणा' समजतात.

खरं तर उपाय फार महाग नाही. भिंतीला एक पक्का दांडा, पायरीऐवजी उतार, भांड्यावर ठेवायची कमोड खुर्ची. सरकारी मदत मागायला गेलं की मात्र पहिला प्रश्न येतो, दिव्यांग प्रमाणपत्र आहे का?

इथंच खरी मेख आहे. केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांनुसार मेंदू-मज्जासंस्थेच्या आजारातलं अपंगत्व आजार सुरू झाल्यापासून सहा महिने उलटल्यावरच मोजतात. त्याला कारणही आहे, कारण तोवर सुधारणा चालू असते. पण सुधारणेचा वेग सगळ्यात जास्त असतो तो पहिल्या तीन महिन्यांत. म्हणजे ज्या काळात खुर्ची, दांडा आणि व्यायाम यांचा सर्वाधिक उपयोग, त्या काळात कागद नाही. कागद येतो तेव्हा हात आखडलेला असतो.

प्रमाणपत्र ४० टक्क्यांचं निघालं आणि वय-उत्पन्नाच्या अटीत बसलं तर संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज तहसीलला करता येतो. ग्रामपंचायतीनं स्वतःच्या उत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांवर खर्चायचे असतात, त्यातही मागणी करता येते. कागद हाती येण्याआधीचा एक मार्ग फारसा कुणी सांगत नाही. पेशंटचं वय ६५ च्या वर आणि कुटुंबाचं उत्पन्न दोन लाखांच्या आत असेल, तर मुख्यमंत्री वयोश्री योजनेत काठी, कमोड खुर्ची अशा साधनांसाठी एकदाच ३ हजार रुपये मिळतात. त्यासाठी दिव्यांग प्रमाणपत्राची अट नाही. अर्ज समाजकल्याण खात्याकडे. पन्नाशीतल्या पेशंटला मात्र हाही दरवाजा बंद, आणि लकवा हल्ली पन्नाशीची वाट बघतोच असं नाही.

दुसरा खर्च कुठंच धरला जात नाही, तो सांभाळणाऱ्या बाईच्या बुडालेल्या रोजाचा. बायको किंवा सून मजुरीला जायची थांबते. तिला कुणी काही शिकवलेलंही नसतं. ती उठवताना लुळा हात धरून ओढते आणि खांदा कायमचा दुखायला लागतो. सदरा घालताना आधी अधू हात घालायचा, काढताना आधी चांगला हात काढायचा. पडूनच असेल तर दर दोन तासांनी कूस बदलायची. पाणी पिताना ठसका लागत असेल तर आडवं असताना काहीच पाजायचं नाही, ताठ बसवायचं. नाहीतर ते फुप्फुसात जाऊन न्यूमोनिया होतो. काठी चांगल्या हातात धरायची. हे सगळं सुट्टीच्या दिवशी अर्ध्या तासात करून दाखवता येतं. तसं कुणी दाखवत नसेल तर मागून घ्यावं, आणि तिथंच मोबाईलवर व्हिडिओ काढावा.

फिजिओथेरपिस्ट शोधायला जिल्हा किंवा उपजिल्हा रुग्णालय गाठावं लागतं. लुळ्या माणसाला आठवड्यातून तीनदा गाडी करून नेणं कुणाला परवडतं? दोन खेपा होतात, मग बंद. गावाजवळच्या आयुष्मान आरोग्य मंदिराच्या कामात वृद्धांची आणि अंथरुणाला खिळलेल्यांची सेवा कागदावर धरलेली आहे. समुदाय आरोग्य अधिकाऱ्यानं महिन्यातून एकदा घरी येऊन बीपी मोजला आणि व्यायाम बघितला तरी पुष्कळ होईल. बीपीच्या गोळ्या तर तिथं फुकट मिळतात. बरं वाटलं म्हणून त्या बंद केल्या की दुसरा झटका येण्याचा धोका वाढतो.

ग्रामपंचायतीच्या त्या ५ टक्क्यांचा हिशेब ग्रामसभेत विचारता येतो. कुठं त्यातून सरसकट ठरावीक रक्कम वाटतात, कुठं वस्तू देतात, तर कुठं पैसे पडून राहतात. दांडा आणि उतार बसवायला सिमेंटची एक-दोन पोती आणि गवंड्याचा एक दिवस लागतो.