उद्योग-विचार : स्लॅबखालचे टेकू

स्थापत्याची पदवी घेऊन कंत्राटदारींत पडूं इच्छिणाऱ्या एका तरुण वाचकानें आम्हांस विचारलें आहे कीं, काँक्रीट ओतण्यासाठीं लागणारें सेंटरिंगचें सामान कोणतें घ्यावें, व किती घ्यावें? यांपैकीं दुसरा प्रश्न आम्हांस अधिक महत्त्वाचा वाटतो.

पहिल्याचें उत्तर हिशेबांत आहे. सांचा स्वस्त कीं महाग, हें खरेदीच्या आंकड्यावरून ठरत नाहीं. तो किती वेळां उपयोगीं पडेल यावरून ठरतें. एखाद्याच बंगल्याचें काम असून त्यांत वळणें असतील, तर हवें तसें कापतां येणारें प्लायवुड सोईचें. नेहमींच्या सरळ स्लॅबांना लोखंडी प्लेटा बऱ्या. त्या पुष्कळ कामांना पुरतात. एकाच नकाशाचे मजल्यावर मजले चढवावयाचे असले, तरच ॲल्युमिनियमच्या सांच्यांचा भारी खर्च भरून निघतो. सामान कोणतेंही असो, सांधे घट्ट असावेत. नाहीं तर सिमेंटचें पाणी गळून काँक्रीट सच्छिद्र राहतें. प्रत्येक वेळीं सांच्यास तेलाचा पातळ हात द्यावा, आणि काढल्यावर तो लगेच स्वच्छ करावा.

आतां दुसरा प्रश्न. १० फूट रुंद व १२ फूट लांब अशा खोलीवर ५ इंच जाडीचा स्लॅब घातला, तर त्याचें वजन सुमारें साडेतीन टन भरतें. ओतल्या दिवशीं हा सारा भार टेकूंवर असतो. म्हणून टेकू ओळंब्यांत उभे असावेत, आणि त्यांच्या खालीं भुसभुशीत भराव किंवा विटांची चळत नसून भक्कम फळी असावी. ते किती दिवस ठेवावयाचे, हें ‘भारतीय मानक ४५६’ च्या सन २००० च्या आवृत्तींत सांगितलें आहे. साधें सिमेंट असून हवा १५ अंशांहून थंड नसेल, तर साडेचार मीटरपर्यंतच्या गाळ्याच्या स्लॅबाचे टेकू किमान ७ दिवस व त्याहून मोठ्या गाळ्याचे १४ दिवस हलवूं नयेत. तुळईखालचे सहा मीटरपर्यंत १४ व पुढें २१ दिवस. राखमिश्रित सिमेंट वापरल्यास किंवा थंडी असल्यास ही मुदत वाढवावी लागते.

मोह होतो तो येथेंच. टेकू मोजके असले, आणि दुसरीकडे स्लॅबचा दिवस ठरलेला असला, म्हणजे सात दिवसांचे पांच करण्याची बुद्धि होते. अमेरिकेंत व्हर्जिनिया राज्यांतील बेलीज क्रॉसरोड्स येथें २ मार्च १९७३ रोजीं एक उंच इमारत बांधकाम चालू असतांनाच कोसळली, आणि १४ कामगार प्राणांस मुकले. तेविसाव्या मजल्याच्या स्लॅबाखालचा आधार काँक्रीटनें पुरेसें बळ धरण्यापूर्वींच काढला गेला होता, असें चौकशींत निष्पन्न झालें.

म्हणून आमचें सांगणें असें कीं, जितक्या कामांना टेकू पुरतील तितकींच कामें एका वेळीं अंगावर घ्यावीं. कमी पडल्यास भाड्यानें आणावे. तें भाडें फुकट गेलें असें मानूं नये.

स्वतःचें घर बांधीत असलेल्या वाचकांसही एक विनंति. ‘सेंटरिंग केव्हां काढतां?’ असा तगादा कंत्राटदाराच्या पाठीमागें लावूं नये. स्लॅब ओतल्याची तारीख घरांतील दिनदर्शिकेवर लिहावी, आणि दिवस आपणच मोजावे.