खेळाचा तास कुणाचा?

रमाकांत आचरेकर सर २ जानेवारी २०१९ रोजी गेले. शिवाजी पार्कवर सरावाच्या वेळी ते यष्टीवर एक रुपयाचे नाणे ठेवत. सचिनला बाद करील त्याचे ते नाणे. नाबाद राहिला तर सचिनचे. अशी तेरा नाणी सचिनने जपली. सर त्याला स्कूटरवर बसवून एका मैदानावरून दुसऱ्या मैदानावर नेत. स्वतः सर मात्र प्रथम श्रेणीचा एकच सामना खेळले होते! १९९० साली त्यांना द्रोणाचार्य पुरस्कार मिळाला.

आपल्या सीमाभागात कुस्तीची आवड घरोघरी. तरीही परीक्षा जवळ आली की कित्येक शाळांत खेळाचा तास गणिताला जातो आणि पालकही खूश होतात. (गणिताचा तास खेळाला दिल्याचे ऐकिवात नाही.) विश्वस्त मंडळींनी हा तास अबाधित ठेवावा आणि क्रीडाशिक्षकांना कारकुनी कामांतून मोकळे करावे, ही विनंती.