डोळ्यांची हिरावलेली उसंत

बँकांमध्ये संगणक येऊ घातला, तेव्हा वाद पेटला तो नोकऱ्यांवरून. १९८४ साली डॉ. सी. रंगराजन समितीने बँकांच्या यांत्रिकीकरणाचा आराखडा मांडला. रोजगार घटेल, हा कर्मचारी संघटनांचा मुख्य आक्षेप होता. त्या गदारोळात डोळ्यांची आठवण होण्याचे कारणच नव्हते.

वास्तविक जुन्या कचेरीत डोळ्यांची विश्रांती कामातच दडलेली होती. खातेवही काढावयास कारकून कपाटापर्यंत चालत जाई. टंकलेखकाला कागद बदलावा लागे, कार्बन लावावा लागे. या खोळंब्यात नजर आपोआप दूर जाऊन येई. संगणकाने ही सारी ये-जा पुसून टाकली. खातेवही, टपाल, आता तर बैठकसुद्धा हातभर अंतरावरील एका चौकटीत येऊन बसली आहे.

जवळचे पाहताना डोळ्यातील भिंगाला आकार देणारा स्नायू आखडलेला राहतो. दूर पाहिले म्हणजे तो सैलावतो. एरवी मिनिटाला १५ ते २० वेळा होणारी पापण्यांची उघडझाप पडद्यासमोर निम्म्यावर, कधी त्याहूनही खाली येते. अश्रूंचा थर सुकतो. त्यात वातानुकूलन यंत्राचा झोत चेहऱ्यावर असेल तर पाहावयासच नको. प्रौढांच्या डोळ्यांना पडद्यामुळे कायमची इजा होते, असा पुरावा नाही. पण रोज सायंकाळी चुरचुरणारे डोळे आणि दुखणारे डोके घेऊन घरी परतणाऱ्याचे तेवढ्याने समाधान कसे व्हावे?

यावर घरोघरी शोधलेला उपाय म्हणजे निळा प्रकाश अडविणारा चष्मा. कॉक्रेन या संस्थेने २०२३ साली १७ चाचण्यांचा आढावा घेतला. साध्या भिंगांच्या तुलनेत या भिंगांनी डोळ्यांचा ताण, निदान अल्पकाळात तरी, कमी होत नसावा, असाच त्याचा निष्कर्ष होता. लाली घालविणारे थेंब मनाने वारंवार घातल्यास लाली उलट वाढू शकते. खरी गफलत अनेकदा चाळिशीच्या चष्म्यात असते. तो पुस्तकाच्या अंतराचा. पडदा त्याहून दूर. मग माणूस हनुवटी उचलून भिंगाच्या खालच्या भागातून पाहतो आणि मानही धरते. नेत्रतज्ज्ञाकडे जाण्यापूर्वी डोळ्यापासून पडद्यापर्यंतचे अंतर मोजून न्यावे, इतके साधे काम फारच थोडे लोक करतात.

दर २० मिनिटांनी २० फुटांपलीकडे २० सेकंद पाहावे, हा नेत्रतज्ज्ञांचा सल्ला आता सर्वपरिचित आहे. वीस या आकड्यात काही जादू नाही, तो लक्षात राहतो इतकेच. पडद्याची वरची कड डोळ्यांच्या रेषेत किंवा किंचित खाली असावी. नजर खाली झुकली की पापणी डोळा अधिक झाकते.

परंतु हा सल्ला एकट्या कर्मचाऱ्याच्या गळ्यात घालून कचेऱ्यांना मोकळे होता येणार नाही. पडद्यावरील कामात ठराविक काळाने खंड किंवा बदल असावा आणि कर्मचाऱ्याला नेत्रतपासणीचा हक्क असावा, असा निर्देश युरोपीय समुदायाने १९९० सालीच काढला. आपल्याकडे खिडकीबाहेर पाहणारा कर्मचारी अजूनही कामचुकार ठरतो. ज्या कचेरीने खातेवहीचे कपाट हलविले, तिनेच तिथवर चालत जाण्याची पाच मिनिटे कामाच्या वेळेत धरून परत द्यावीत.