खिडकी बंद, किरणं मात्र चार

गेल्या वर्षी एका उर्दू शाळेचा वार्षिक अहवाल हातात पडला. मुखपृष्ठावर फोटो होता. सातवीतली एक मुलगी बाकावर पुस्तक उघडून बसली आहे आणि डावीकडच्या खिडकीतून प्रकाशाचे चार लांब पट्टे तिच्या पुस्तकावर उतरले आहेत. हाच फोटो मोबाइलवरही फिरला. खाली 'माशाअल्लाह', 'सुबहानअल्लाह', 'इल्म का नूर' अशी रांग लागली.

मी त्या वर्गात काही काळ शिकवलं आहे. ती खिडकी उघडत नाही. तिच्यापासून दोन हातांवर शेजारच्या चार मजली इमारतीची भिंत उभी आहे. भर दुपारी ट्यूब लावल्याशिवाय फळा दिसत नाही. वीज गेली की मागच्या बाकांवरच्या मुली पुस्तक घेऊन दाराशी येऊन बसतात. तेव्हा हे चार किरण कुठून आले, हा माझा साधा प्रश्न होता.

उत्तर मला माहीत होतं. फोटो शाळेच्याच एका माजी विद्यार्थ्याने काढला आणि संगणकावर 'सजवला' होता. मुलगा हुशार आहे, त्याच्यावर माझा राग नाही. मी कमिटीतल्या एका बुजुर्गांना फोन केला. ते हसून म्हणाले, "सर, इसमें किसी का क्या बिगड़ा? अच्छा दिखता है ना!"

काय बिघडलं ते काही महिन्यांनी कळलं. बाहेरगावच्या एका दानशूर गृहस्थांनी अहवाल पाहून शाळेला मदत करायचं ठरवलं. मुख्याध्यापकांनी वर्गात उजेडाची आणि हवेची सोय करून मागितली. गृहस्थ म्हणाले, "उजेड तर तुमच्याकडे भरपूर दिसतो. मी प्रवेशद्वाराची कमान बांधून देतो." कमान झाली. तिच्यावर त्यांच्या वालिदांचं नाव सोनेरी अक्षरांत आहे. वर्गात अंधार होता तसाच आहे.

यंदाच्या अहवालासाठी पुन्हा फोटो काढायचं काम सुरू झालं आहे, म्हणून हे लिहितो आहे.

आधी हे करतात कसं ते समजून घेऊ, कारण ज्याला ते कळत नाही तो फसतो. फोटोशॉप 1990 साली बाजारात आलं आणि ही युक्ती त्यातली जुनी आहे. फोटोतला सर्वांत उजळ भाग निवडायचा आणि वेगळ्या थरावर घ्यायचा. त्यावर 'रेडियल ब्लर'मधला 'झूम' प्रकार लावायचा आणि केंद्रबिंदू खिडकीवर ठेवायचा. उजळ ठिपके ओढले जाऊन त्यांच्या रेघा होतात. तो थर 'स्क्रीन' पद्धतीने मूळ फोटोवर बसवायचा आणि नको तिथल्या रेघा मास्कने झाकायच्या. आता तेवढीही मेहनत नको. लुमिनारसारख्या सॉफ्टवेअरमध्ये 'सनरेज' नावाचं तयार साधन आहे. सूर्य कुठे हवा ते बोटाने दाखवलं की झालं.

घाईत केलेली चोरी पकडता येते. सूर्य आपल्यापासून सुमारे 15 कोटी किलोमीटर दूर आहे, त्यामुळे त्याचे किरण आपल्यापर्यंत जवळजवळ समांतर येतात. ढगांआडून ते पंख्यासारखे पसरलेले दिसतात, तेही रेल्वेचे रूळ दूरवर एकत्र आल्यासारखे दिसतात त्याच कारणाने. पण बनावट किरण खिडकीतल्या एकाच बिंदूतून फुटतात, जणू बाहेर कुणी बल्ब टांगला आहे. दुसरी खूण सावल्यांची. किरण डावीकडून येतात आणि मुलीच्या नाकाची सावली खाली पडते, कारण खरा उजेड वरच्या ट्यूबचा असतो. तिसरी खूण मला मराठीने शिकवली. किरण असतो तिथे कवडसा असतो. खरा झोत जमिनीवर, बाकावर, कुठेतरी टेकतो आणि तिथे उजळ चकती उमटते. त्या मुखपृष्ठावर चार किरण होते आणि कवडसा एकही नव्हता. पुस्तकाचं पान झोताच्या आतही तेवढंच मळकट होतं, जेवढं बाहेर.

पण हे दोष दाखवून मी त्या मुलाला अधिक चांगली चोरी शिकवतो आहे, याची मला जाणीव आहे. तो पुढच्या वेळी सावल्या जुळवेल, कवडसा टाकेल, झोतात थोडी धूळ तरंगत ठेवेल. याला या धंद्यात 'रिअलिस्टिक' म्हणतात. शब्द गोंडस आहे. फोटो बातमी किंवा अहवाल म्हणून छापायचा असेल, तर त्याचा अर्थ एवढाच की खोटं बोलून झाल्यावर पावलांचे ठसेही पुसायचे.

धुळीवरून आठवलं. कोकणातल्या आमच्या जुन्या घरात माजघराच्या छपरात एक काचेचं कौल होतं. सकाळी त्यातून उन्हाची तिरीप सरळ अम्मीच्या जात्याजवळ उतरायची आणि तिच्यात पिठाचे कण नाचायचे. मी मूठ मारून किरण पकडायला जायचो. पुढे शाळेत कळलं की किरण बाजूने दिसत नाही, दिसतात ते त्याने उजळलेले कण. हवा अगदी स्वच्छ असेल तर झोत समोरून गेला तरी डोळ्याला कळत नाही. विज्ञानाच्या पुस्तकात याला टिंडल परिणाम म्हणतात. म्हणजे खऱ्या किरणाला धूळ लागते, पीठ लागतं, चुलीचा धूर लागतो. त्या वर्गात खडूची धूळ हवी तेवढी आहे. फक्त सूर्य नाही.

आपल्या मंडळींना इब्न अल-हैसमचा मोठा अभिमान. असायलाच हवा. इसवी सन 965च्या सुमारास बसऱ्यात जन्मलेल्या आणि पुढे काहिऱ्यात काम केलेल्या या माणसाने 'किताब अल-मनाज़िर' लिहिलं. अंधाऱ्या खोलीत बारीक भोकातून येणाऱ्या उजेडावर प्रयोग केले. प्रकाश सरळ रेषेत जातो, आणि डोळ्यातून काही बाहेर पडत नाही तर वस्तूवरून आलेला प्रकाश डोळ्यात शिरतो म्हणून आपल्याला दिसतं, हे त्याने तपासून मांडलं. त्याच्या नावाने मोबाइलवर फिरणारा एक संदेश सांगतो की 'कॅमेरा' हा शब्दसुद्धा अरबीतून निघाला. भाषेचा मास्तर म्हणून सांगतो, नाही. तो लॅटिन आहे, अर्थ खोली. आणि आपल्या उर्दूतला 'कमरा' पोर्तुगीजांमार्फत त्याच घराण्यातून आला आहे. इब्न अल-हैसमला असल्या उसन्या दागिन्याची गरज नाही. टॉलेमीसारख्या उस्तादाच्या लिखाणातल्या शंका मांडणारं अख्खं पुस्तक त्याने लिहिलं. आणि त्याचे वारस म्हणवणारे आपण, भिंतीतून किरण आलेले पाहतो आणि 'माशाअल्लाह' लिहून पुढे पाठवतो. एकानेही विचारलं नाही की खिडकी कुठल्या दिशेला आहे.

"एका शाळेच्या फोटोवरून एवढं?" असं कुणी म्हणेल. मग मोठी गोष्ट सांगतो. ऑगस्ट 2006मध्ये बैरूतवर इस्रायलचे हवाई हल्ले चालू होते. रॉयटर्सच्या एका लेबनीज छायाचित्रकाराने पेटलेल्या शहराच्या फोटोतला धूर संगणकावर वाढवला. चोरी उघडी पडली. रॉयटर्सने त्याच्याशी संबंध तोडले आणि त्याचे सगळे 920 फोटो आपल्या संग्रहातून काढून टाकले. बैरूतमध्ये खरा धूर होता, खरी माणसं मेली होती. पण जगात चर्चा झाली ती त्या खोट्या धुराची, आणि ज्यांना विध्वंस नाकारायचाच होता त्यांना आयतं हत्यार मिळालं. ज्याने जास्तीचा धूर घातला त्याने आपल्याच माणसांच्या साक्षीवर बोळा फिरवला.

दुसरं उदाहरण याहून बोचरं आहे. नोव्हेंबर 2012मध्ये पॉल हॅन्सन या स्वीडिश छायाचित्रकाराने गाझाच्या अरुंद गल्लीत कफनात गुंडाळलेल्या दोन लहान भावंडांचा जनाजा टिपला. 2013मध्ये त्या फोटोला वर्ल्ड प्रेस फोटोचा सर्वोच्च सन्मान मिळाला. फोटोतला उजेड सिनेमासारखा दिसतो म्हणून काहींनी तो बनावट ठरवला. तज्ज्ञांनी मूळ फाइल तपासली. जोडाजोड नव्हती, फक्त रंग आणि छटा कमीजास्त केल्या होत्या. फोटो खरा ठरला. पण कितीतरी दिवस लोक भिंतीवरच्या उजेडाबद्दल भांडत राहिले आणि ती दोन मुलं बाजूला पडली. नुसत्या छटांनी इतकं होतं. मग आपण जिथे उजेडच नाही तिथे चार झोत रोवतो, तेव्हा उद्या आपल्या खऱ्या फोटोवर कोण विश्वास ठेवणार?

आणि आपल्याला विश्वासाची गरज इतरांहून जास्त आहे. ज्या समाजाला शाळेची गळकी छतं, मोहल्ल्यातली तुंबलेली गटारं, कधी पाडलेलं घर दाखवून न्याय मागावा लागतो, त्याच्याकडे फोटो हाच पुरावा असतो. पुराव्यावर मेंदी काढायची नसते.

मी सोवळा नाही. 'एमएस-सीआयटी' केल्यावर मीही धाकट्या बहिणीच्या निकाहच्या अल्बमात झुंबरामागे चमक भरली होती. कुणाची फसवणूक झाली नाही, सगळ्यांना ठाऊक होतं की ती सजावट आहे. ईदच्या शुभेच्छापत्रावर, नाटकाच्या जाहिरातीवर, पुस्तकाच्या कव्हरवर खुशाल सूर्य उगवा. अंधारलेल्या फोटोतला असलेला उजेड थोडा वर काढणं, हेही मी गुन्हा मानत नाही. डार्करूमच्या काळातही कागदाचा एखादा भाग झाकून उजळ ठेवत आणि दुसऱ्यावर जास्त प्रकाश टाकून तो गडद करत. माझी रेघ सरळ आहे. असलेला उजेड दिसू द्या, नसलेला आणू नका. आणि आणलाच, तर फोटोखाली तसं लिहा. जो फोटो 'हे असं आहे' म्हणून दाखवला जातो, त्यात एक किरणही उसना नको.

"गरिबी दाखवून भीक मागायची का?" हा कमिटीतला दुसरा आक्षेप. नाही, जनाब. अंधारात पुस्तक डोळ्यांजवळ धरून वाचणारी मुलगी भीक मागत नसते, ती हिशेब मागत असते. तिच्या पुस्तकावर खोटा उजेड टाकून आपण तिची इज्जत वाढवली नाही, तिची तक्रार खोडली. तिला फोटोतून विचारलं असतं, तर तिने किरण मागितले असते की खिडकी?

यंदा त्या माजी विद्यार्थ्याला मी स्वतः बोलावलं आहे. त्याला म्हटलं, संगणक घरी ठेव, फक्त कॅमेरा आण. दुपारी बारा वाजता ट्यूब बंद करून वर्गाचा फोटो काढ आणि पहिल्या पानावर तोच छाप. खाली एक ओळ टाक: या वर्गाच्या छतात उजेडाला वाट करून द्यायची आहे. वर्ग तळमजल्यावर एकटाच आहे, छप्पर पत्र्याचं आहे. दोन पत्रे काढून पारदर्शक पत्रे बसवायचे आहेत. कमानीपेक्षा कितीतरी स्वस्त काम आहे.

ते झालं की सकाळी दहाच्या सुमारास सूर्य स्वतः वर्गात उतरेल. खडूची धूळ आहेच, त्यामुळे किरण दिसतीलही. बाकावर कवडसा पडेल. तेव्हा त्या मुलाने हवे तितके फोटो काढावेत, 'माशाअल्लाह' मीच पहिल्यांदा लिहीन.