एकच लेणे, पण नीट!

सहल वेरूळला गेली, की “चला चला, उशीर होतोय!” एवढेच ऐकू येते. डबा खाल्ला, फोटो काढला, की परत! मला हे पटत नाही.

कैलास लेणे आठव्या शतकातले. राष्ट्रकूट राजा पहिल्या कृष्णाच्या काळी ते एकाच खडकात कोरले. आधी कळस, मग खाली! चुकून जास्त तुटले तर दगड परत जोडणार कसा? केवढे मोजमाप असेल! हा काळा खडक म्हणजे ज्वालामुखीचा थिजलेला लाव्हारस. तोच आपल्याकडे विहिरीतही लागतो. म्हणजे इतिहास, विज्ञान, निसर्ग, कला सगळे एकाच जागी!

म्हणून गुरुजी, बाई आणि पालकांनो, ३४ लेणी एका दिवसात नकोत. एकच दाखवा, पण तिथे बसू द्या, चित्र काढू द्या. आम्ही प्रश्न विचारले तर रागावू नका. उत्तर नसले तर मिळून शोधू.