नौदलनगरचा पाणीहिशेब

ठाणे-नाशिककडच्या धरणांतून निघालेले पाणी मुंबईतल्या मलबार हिलच्या १८८७ च्या टाकीत साठते. ही टाकी १४.७ कोटी लिटरची. तिच्यातून गिरगाव, फोर्ट आणि अगदी टोकाला कुलाबा यांची तहान भागते. वरच्या भागात दाब घटला की टोकाकडचे नळ करंगळीएवढी धार धरतात. चाळकऱ्यांना यात नवल नाही, पाण्याची वेळ त्यांना तोंडपाठ असते.

याच भागातल्या नौदलाच्या तळाचे गणित मात्र माणशी १३५ लिटरच्या नागरी निकषात बसत नाही. युद्धनौका गोदीला लागली की तिच्या टाक्या भराव्या लागतात. नौदलाचे ‘अश्विनी’ रुग्णालय चोवीस तास चालते, आणि कुलाब्याच्या नौदलनगरातल्या कुटुंबांची सकाळची गर्दी वेगळीच. वार्षिक सरासरीने काय कळणार? तासागणिक मागणी, वाहिनीतला दाब, गळती आणि टाक्यांतला साठा एकत्र मांडणारे संगणकीय प्रारूपच हवे. जहाजांच्या हालचाली गुप्त राहोत, पण दिवसातली कमाल मागणी पालिकेला कळल्याने संरक्षणाला धोका पोहोचत नाही. नौदल आणि पालिकेचे जलअभियंता खाते यांनी पुढच्या पाणीकपातीआधी एकत्र बसून हा हिशेब मांडावा.